वेव्ह आणि एमपीथ्री: कानाला फरक कळतो का?

कानबाईच्या रोटांचे दिवस आले की धुळ्या-जळगावकडे अहिराणी गाणी पेनड्राइव्हवरून हातोहात फिरू लागतात आणि साउंडवाल्यांत गाण्याच्या फायलींच्या दोन प्रकारांवरून, वेव्ह आणि एमपीथ्रीवरून, जुनाच वाद निघतो. एक म्हणतो, "भाऊ, वेव्ह दे, एमपीथ्रीत दम नाही." दुसरा म्हणतो, काही फरक पडत नाही. दोघांचंही अर्धंच खरं आहे.

सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाईलमध्ये आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो आणि ती मोजणी जशीच्या तशी ठेवलेली असते. पाच मिनिटांचं गाणं ५० एमबीच्या वर जातं. एमपीथ्री त्यातलं बरंच काही कायमचं काढून टाकते, पण हिशेबाने. मोठ्या आवाजाखाली दबलेला, त्याच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला तसाही ऐकू येत नाही. कात्री तिथे चालते. ३२० केबीपीएसला (सेकंदाला ३२० हजार बिट; आकडा जितका मोठा तितकी कात्री कमी) तेच गाणं १२ एमबीत बसतं, १२८ ला पाचाच्या आत.

१२८ ला मात्र चोरी सापडते. झांज ऐका: लखलखीत नाद पाण्यातून आल्यासारखा सळसळतो. टाळाचा ठोका पडण्याच्या किंचित आधी बारीक फसफस येते, कारण आवाज छोट्या तुकड्यांत दाबला जातो आणि ठोक्याची चूक अख्ख्या तुकड्यावर पसरते. साथीविना गाणारा गळाही अवघड, दोष लपवायला मागे वाद्यच नाही. जर्मनीच्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी एमपीथ्री घडवताना सुझॅन व्हेगाचं 'टॉम्स डायनर' हे साथीविना गायलेलं गाणं पुन्हा पुन्हा तपासलं, ते यामुळेच. आपल्याकडे जात्यावरची ओवी लावून बघा.

नीट बनवलेली ३२० ची एमपीथ्री आणि वेव्ह यांतला फरक चांगल्या हेडफोनवरही बहुतेकांना सांगता येत नाही. जनरेटरच्या घरघरीत, मंडपात तर विषयच सोडा. "मला कळतो" म्हणणाऱ्याच्या दोन फायलींत बहुधा एकीचा आवाज जरा मोठा असतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमी सरस वाटतो. खात्री करायची तर एकाच वेव्हपासून एमपीथ्री बनवा, पातळी सारखी करा आणि फूबार या संगणकावरच्या प्लेअरमधली एबीएक्स चाचणी, म्हणजे कोणती फाईल वाजतेय ते न सांगता ओळखायला लावणारी, १६ वेळा घ्या. १२ किंवा जास्त बरोबर आले तर तुमचा कान मानला. नुसत्या अंदाजाने एवढं शंभरात चारेकदाच जमतं.

खरा घोळ वेगळाच आहे. यूट्यूबवरून उतरवलेलं, दोन-तीनदा दाबलेलं गाणं कन्व्हर्टरमध्ये घालून कोणीतरी 'वेव्ह' म्हणून देतो. भाजलेलं वांगं परत कच्चं होत नाही; फाईल फुगते, गेलेला आवाज येत नाही. मग एमपीथ्रीला शिव्या बसतात.

रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगला मात्र वेव्हच हवी, एमपीथ्री दर वेळी सेव्ह करताना थोडी आणखी झिजते. जागेची अडचण असेल तर फ्लॅक या फाईल प्रकारात करून ठेवा: साधारण निम्म्या जागेत मावते आणि उघडल्यावर एकही बिट इकडचा तिकडे झालेला नसतो.