ओढ कोणाची, पतंगाची की लाटेची?

वासी उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची दुपार होती. आदल्या दिवसाच्या मानाने बडोद्याचं आकाश निम्मं रिकामं झालं होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या अगाशीवर भाचा एकटाच उरला होता. बोटांना चिकटपट्ट्या, पायाशी फिरकी, नजर वर. खाली कालचं उंधियू पुन्हा गरम होत होतं. वर बघतच तो म्हणाला, "मामा, पुढच्या महिन्यात रामेश्वरमला जातोय, काईटसर्फिंगला. घरात बोर्ड दोन आहेत आणि विमानात एकच नेता येईल. कुठला नेऊ?"

मी म्हटलं, "फिरकी माझ्याकडे दे. दोरा न सोडता पतंगाच्या दिशेने पळ."

कठड्यापर्यंत जेमतेम दहा पावलं. तेवढ्यातच दोऱ्याला झोल आला आणि पतंग मान टाकून डुलायला लागला. "आता मागे ये, भराभर." दोरा पुन्हा ताठ, बोटात रुतेल इतका. वारा तोच होता, पतंग तोच होता. बदलला होता तो फक्त धरणाऱ्याचा वेग. बोर्ड निवडायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते, हे मला त्याच्यासोबत किनाऱ्यावर बसून वह्या भरताना पटलं आहे.

काईटसर्फिंग म्हणजे बोर्डावर उभं राहून पतंगाच्या ओढीने पाण्यावरून धावणं. त्यातला पतंग म्हणजे हवा भरलेल्या नळीची कडा असलेलं मोठं कापडी पंख. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रूनो आणि डोमिनिक लगेन्यू या भावांनी पाण्यात पडल्यावरही पुन्हा उडवता येईल असा फुगवता पतंग बनवला आणि १९८४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. साधारण २० ते २४ मीटर लांबीच्या दोऱ्या, कमरेला पट्टा, हातात दांडी. आपण किन्ना बांधताना वरची गाठ थोडी आखूड-लांब करून पतंगाचा वाऱ्याशी कोन जुळवतो ना, तेच काम ही दांडी चालू उड्डाणात करते. (या दोऱ्याही बोट कापू शकतात. ताणलेल्या दोरीभोवती बोट कधीच गुंडाळू नये.)

पायाखाली काय घ्यायचं, यात दोन पंथ आहेत. एक, दोन्ही टोकं सारखी असलेली छोटी सपाट फळी, तिच्यावर पाय पट्ट्यांत अडकवलेले. दुसरा पंथ लाटांवर प्रेम करणाऱ्यांचा: खरा सर्फबोर्ड, आणि त्यावर पट्ट्या नाहीत. यालाच स्ट्रॅपलेस म्हणतात. पाय मोकळे असले की माणूस पुढे सरकून बोर्ड पळवू शकतो, मागे सरकून शेपटीवर वजन टाकून वळवू शकतो. पण मोकळा पाय बोर्डाला वर खेचू शकत नाही, फक्त दाबू शकतो. म्हणून बोर्डाचा आकार इथे जास्त बोलतो. त्याची चूक पट्टीच्या जोरावर झाकता येत नाही.

आता अगाशीवरचा झोल आकड्यांत मांडू. वारा १८ नॉट, म्हणजे ताशी साधारण ३३ किलोमीटर. पतंगाची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गावर ठरते. वारा थेट समुद्राकडून किनाऱ्याकडे येतो आहे आणि स्वार लाटेबरोबर ताशी १८ किलोमीटरने किनाऱ्याकडेच चालला आहे, असं धरा. त्याच्या पतंगाला जाणवणारा वारा उरतो ताशी १५ किलोमीटर, आणि ओढ होते मूळच्या जवळजवळ एक पंचमांश! म्हणजे लाट हाती आली, त्याच क्षणी पतंग हात सोडतो. वारा मेला की आपण अगाशीवर दोरा सपासप खेचून पतंगाला स्वतःचा वारा देतो, तसा काईटसर्फरही पतंग आकाशात फिरवत ठेवतो. पण त्यालाही मर्यादा आहे.

आता वारा किनाऱ्याला समांतर, म्हणजे लाटेच्या वाटेला काटकोनात आहे असं समजा. वेग तेच. या वेळी दोन वेग काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखे जुळतात आणि पतंगाला जाणवणारा वारा ताशी साडेसदतीस किलोमीटरच्या आसपास जातो. ओढ ३० टक्क्यांनी वाढते. लाटही ढकलते आहे, पतंगही ओढतो आहे. एका दिवशी शक्तीचा दुष्काळ, दुसऱ्या दिवशी पूर. दोन्ही दिवशी एकच बोर्ड कसा पुरेल?

लाटेकडे वळू. किनाऱ्यावर माणसं लाटेची उंचीच विचारतात. मी भाच्याला सतत सांगतो, आधी कालावधी विचार: एका शिखरानंतर दुसरं शिखर किती सेकंदांनी येतं? उंची महत्त्वाची आहेच. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाबरोबर वाढते, एक मीटरपेक्षा दोन मीटरच्या लाटेत चौपट ऊर्जा असते. पण लाटेचा स्वभाव कळतो तो कालावधीवरून. खोल पाण्यात लाटेचा वेग, सेकंदाला मीटरमध्ये, काढायचा तर कालावधीला १.५६ ने गुणायचं. जवळच्याच वाऱ्याने उठवलेली ५ सेकंदांची लाट ताशी २८ किलोमीटरने चालते आणि दोन शिखरांमध्ये ३९ मीटर अंतर असतं. दूरच्या वादळातून निघालेली १२ सेकंदांची लाट, जिला सर्फर स्वेल म्हणतात, ती ताशी ६७ किलोमीटरने येते, आणि तिच्या दोन शिखरांमध्ये सव्वादोनशे मीटर मावतात.

लाटेला तळ जाणवू लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. छोट्या लाटेला २० मीटरवर, स्वेलला थेट ११० मीटरवर. म्हणून स्वेल किनाऱ्यापासून दूर असतानाच मंदावू लागते, वळते, आणि शेवटी उभी राहते ती एकसंध भिंतीसारखी. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की ती फुटते. तळ एकदम चढता असेल तर कमान होऊन कोसळते; हळूहळू चढत असेल तर माथ्यावरून फेस सांडत, पसरत फुटते.

"एवढ्या लांब कशाला? आपला समुद्र शंभर किलोमीटरवर आहे," असं बडोद्यात हमखास कुणीतरी म्हणतं. जंबुसर तालुक्यातलं कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. भरतीला शिवलिंग पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा दिसतं. तिथे उभं राहून पाहा: नजर पोचेल तिथवर चिखल, आणि पाणी आडवं धावतंय. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं. आत शिरलेलं भरतीचं पाणी कोंडतं आणि भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या घरात जातो. पाण्याला ओढ प्रचंड, पण उथळ चिखलावर बाहेरच्या लाटा विरून जातात. तिथे या खेळासाठी जाणं म्हणजे जिवाशी खेळ. हे मी अगदी कळकळीने सांगतो.

संध्याकाळी त्याने दोन्ही बोर्ड माजघरात गादीवर पालथे घातले. एकाच्या पोटावर मी लांब सरळ पट्टी मधोमध टेकवली आणि मोजपट्टीने टोकांशी उरलेली फट मोजली. पुढे ८ सेंटिमीटर, मागे ३. दुसऱ्याची पुढे १२, मागे ६. या वाकाला रॉकर म्हणतात, आणि माझ्या मते बोर्ड निवडताना आधी बघावी अशी हीच गोष्ट. दुकानात लांबी विचारतात, रंग बघतात. पोटाला पट्टी कुणी लावत नाही.

कमी रॉकरचा बोर्ड पाण्यावर सपाट बसतो. वेग घेतल्यावर पाणी त्याला खालून उचलतं, वेग दुप्पट झाला की उचल चौपट, आणि तो पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागतो. सपाट पोटाला हे कमी ओढीतही साधतं. म्हणून पतंग हात सोडतो त्या दिवशी, म्हणजे किनाऱ्याकडे वाहणारा वारा आणि ५-६ सेकंदांच्या ठिसूळ लाटा असताना, हाच बोर्ड हवा. थोडा आखूड, थोडा रुंद, पुढचं टोक बोथट. ५ फूट २ इंच किंवा त्याच्या आसपास. टोक छाटल्याने लांबी घटते तरी पायाखालची रुंदी कायम राहते, आणि गिरकी घेताना फिरवायचं वजनही कमी होतं.

हाच सपाट बोर्ड उभ्या भिंतीसारख्या लाटेवर न्या. लाटेचा पृष्ठभाग आतून वक्र, बोर्ड सरळ. खाली उतरताना टोक पाण्यात खुपसतं आणि माणूस पुढे फेकला जातो. इथे वाकलेला रॉकर लाटेच्या वक्राशी जुळतो, आणि वळणही आखूड घेता येतं. वेग थोडा कमी मिळतो, पण अशा दिवशी वेगाला तोटा नसतोच. हवा असतो तो ताबा. म्हणून अरुंद बोर्ड, ५ फूट ८ इंचांपासून सहा फुटांपर्यंत, शेपूट गोल किंवा निमुळतं. रुंद शेपूट लवकर उचललं जातं, पण जास्त वेगात पाण्यावर उड्या मारतं. निमुळतं पाण्यात रुतून धरून ठेवतं.

मग कडा, म्हणजे रेल. हे कळायला स्वयंपाकघरातला चमचा पुरे. चमचा दांड्याच्या टोकाला हलका धरा आणि त्याची पाठ नळाच्या धारेला टेकवा. चमचा ढकलला जाईल असं वाटतं, पण तो धारेत ओढला जातो. पाणी गोल पाठीला चिकटून वळतं आणि चमच्याला आपल्याकडे खेचतं. बोर्डाची गोल कडा लाटेच्या भिंतीला अशीच धरून राहते. आता धार चमच्याऐवजी सुरीच्या कडेवरून सोडा. पाणी कडेपाशीच सुटतं, वळत नाही. शेपटीकडची कडा अशी टोकदार असते, कारण तिथे पाणी पटकन सुटून वेग मिळायला हवा. भाच्याच्या आईने तीनदा चमचा धारेत धरून पाहिला आणि चौथ्यांदा डोळे मिटून. हाताला ती ओढ जाणवते, हे तिला फार आवडलं.

बोर्ड किती लिटरचा, म्हणजे त्याचं आकारमान किती, याची चर्चा लोक फार करतात. हाताने वल्हवत लाट पकडणाऱ्याला बोर्डावर झोपून तरंगायचं असतं, त्याला जास्त लिटर हवेतच. काईटसर्फरला पतंग ओढून उभा करतो. २५ लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला तरी २५ किलोच उचलतो. ७० किलोच्या माणसाला वर ठेवतो तो वेग. वारा मधूनमधून पडत असेल तर जास्तीचे चार-पाच लिटर उपयोगी पडतात, एवढंच.

फिनबद्दल, म्हणजे बोर्डाच्या पोटाला शेपटीकडे बसवलेल्या उभ्या पात्यांबद्दल, मात्र सविस्तर सांगायला हवं. टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने १९३५ मध्ये पहिल्यांदा बोर्डाला फिन लावली. त्याआधी बोर्ड आडवे घसरत. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८० मध्ये तीन फिनची रचना आणली आणि तीच जगभर रुळली. साध्या सर्फरपेक्षा काईटसर्फरची गरज वेगळी असते. पतंग त्याला सतत वाऱ्याच्या दिशेने आडवा खेचतो, आणि लाट संपल्यावर त्याच वाऱ्याच्या विरुद्ध तिरकं चढून त्याला परत यायचं असतं. फिन पाण्यात उभ्या पंखासारखी काम करते आणि ही आडवी ओढ पेलते. चार फिन कडांजवळ बसतात, पकड देतात, सरळ धाव चांगली देतात. किनाऱ्याकडच्या वाऱ्यात मला त्या पटतात. चांगल्या स्वेलमध्ये तीन, कारण मधल्या फिनभोवती बोर्ड नेमका वळतो.

वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तेव्हा लाटा सर्वांत गुळगुळीत आणि देखण्या होतात. त्या दिवशी बोर्डाचा विचारच करू नये. बचावाची होडी हजर नसेल तर पाण्यात उतरू नये. पतंग पडला तर वारा माणसाला खोल समुद्रात नेतो. आणि बोर्ड पायाला दोरीने बांधू नये. पतंगाने ओढलेल्या माणसामागून तो दोरी ताणून डोक्यावर येतो.

रामेश्वरमची गंमत अशी की एकाच गावाला दोन समुद्र आहेत. धनुष्कोडीच्या वाळूच्या जिभेच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर: उथळ, बराचसा जमिनीने वेढलेला. तिथे वाऱ्याला लांब लाट घडवायला जागाच नाही. दक्षिणेला मन्नारचं आखात, खोल आणि हिंदी महासागराकडे उघडं. दक्षिणेकडच्या स्वेलला तिथे वाट आहे. मधे वाळूची चिंचोळी पट्टी, १९६४ च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलेल्या गावाचे अवशेष तिच्यावर अजून उभे आहेत. हिवाळ्यात वारा उत्तरेकडचा, उन्हाळ्यात दक्षिणेकडचा. वारा उत्तरेकडचा असेल तेव्हा पाल्कच्या बाजूच्या लाटा त्याच वाऱ्याने तिथेच जन्मलेल्या असतात.

रात्री जेवणं झाल्यावर भाच्याने हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी महासागर माहिती केंद्राचा अंदाज फोनवर उघडला, नुसता सराव म्हणून. पूर्वी तो उंचीचा आकडा वाचून फोन ठेवायचा. या वेळी बोट खाली सरकवत राहिला. मग उठला, माजघरात गेला, आणि ८ सेंटिमीटरवाल्या बोर्डाच्या पिशवीत चार फिनचा संच टाकून चेन लावली.