पाटीवरची अंडी : घरातल्या एंजलफिशमागचा इतिहास

दुकानात मिळणारा एंजल सहसा नदीतून पकडलेला नसतो. त्याच्या कित्येक पिढ्या काचेच्या टाकीतच वाढलेल्या असतात, आणि त्याला सांभाळताना येणाऱ्या बऱ्याच अडचणींचं मूळ तिथेच सापडतं.

१८२३ मध्ये या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं, तेव्हा तो 'झेउस' या समुद्री माशांच्या प्रजातीत टाकला गेला होता. १८४० मध्ये हेकेल या ऑस्ट्रियन मत्स्यशास्त्रज्ञाने त्याच्यासाठी 'टेरोफायलम' ही वेगळी प्रजाती केली. अर्थ, पंखासारखं पान. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाण्याखाली गेलेल्या झाडांच्या मुळ्या-फांद्यांमधून तो खरोखरच उभ्या पानासारखा सरकतो. म्हणून टाकी घेताना आधी उंची बघावी. परांसकट हा मासा २० सेंटिमीटरपेक्षा उंच होतो, त्यामुळे निदान ४५ सेंटिमीटर पाणी हवं. उथळ टाकीत पर वाकडे होतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जर्मनीत पोचला आणि काही वर्षांत तिथे टाकीत पिल्लंही निघाली. पण पिल्लं जगवणं अवघडच होतं. १९३० च्या दशकात आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) ताजी फुटलेली पिल्लं हे उत्तम पहिलं खाद्य असल्याचं दिसून आलं, आणि पुढे मोठ्या प्रमाणावर पैदास शक्य झाली.

आईबाप अंडी खातात, म्हणून ती काढून घेण्याची पद्धत रुळली, आणि आजही तीच चालते. टाकीत दगडी पाटीचा तुकडा तिरका टेकवतात. नर-मादी आधी तो तोंडाने घासून साफ करतात, मग मादी ओळीने अंडी चिकटवत जाते. अंडी घालून झाली की पाटी १०-१५ लिटरच्या बरणीत हलवायची. पाणी त्याच टाकीचं, तापमान २७-२८ अंश, मेथिलिन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) फिकट आकाशी रंग येईल इतकंच. हवेचे बुडबुडे पाटीशेजारून जावेत, अंड्यांवर आपटू नयेत. न फळलेली अंडी पांढरी पडतात आणि त्यांची बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. सगळीच पांढरी झाली तर जोडी दोन माद्यांची आहे का ते बघा. असं बऱ्याचदा होतं. दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात आणि पिल्लं पाटीला लटकून वळवळत राहतात. त्यानंतर साधारण पाचव्या दिवशी ती पोहू लागतात. आर्टेमिया तेव्हाच द्यायचा. आधी दिला तर नुसतं पाणी नासतं.

या पद्धतीची किंमत मात्र माशाने मोजली. अंडी खाणाऱ्या जोडीचीही पिल्लं वाचत गेली, त्यामुळे अंडी-पिल्लं नीट सांभाळणाऱ्या जोड्यांची निवडच थांबली, असं आमचं स्पष्ट मत आहे. तरी नव्या जोडीला अंडी स्वतः सांभाळायच्या तीन-चार संधी द्याव्यात. पहिली अंडी पुष्कळ जोड्या खातात.

रंगांचंही तसंच. काळेपणाचं जनुक एकाच पालकाकडून आलं तर 'ब्लॅक लेस' (काळसर, जाळीदार छटेचा), दोघांकडून आलं तर पूर्ण काळा. अशी पूर्ण काळी पिल्लं नाजूक असतात आणि मोठ्या संख्येने मरतात.

टाकीतल्या पिढ्यांचा एक फायदा आहे. हा एंजल आपल्याकडचं क्लोरीन काढलेलं धरणाचं पाणी सहज सोसतो. बोअरच्या जड पाण्यातही तो जगतो, पण तिथे अंडी नीट फळत नाहीत. ओरिनोको नदीतला 'अल्टम' हा एंजलचा उंच भाऊबंद मात्र आजही बहुतेक नदीतूनच पकडून येतो. त्याला मऊ, आम्लधर्मी पाणीच लागतं.