नाळ उचलते, होडी उचलत नाही: ओबीएमच्या फिनचे गणित

१६ फुटी फायबर होडी, मागे ३० अश्वशक्तीचे आउटबोर्ड, म्हणजे कोकणातल्या बोलीत ओबीएम, आणि आत चार माणसे. थ्रॉटल पिळला की नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर जाते, पिछाडी बसते, समोरचे पाणी दिसेनासे होते. इंजिन ओरडते, पण वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास अडकून राहतो. यावर पंख्याच्या, म्हणजे इंजिनाच्या प्रोपेलरच्या, वर बसवायची प्लास्टिकची फिन, म्हणजेच ‘हायड्रोफॉइल’, हमखास सुचवली जाते. ती काम करते, फक्त डब्यावर छापलेल्या ‘होडी उचलते’ या कारणाने नव्हे.

होडी अडकते ती स्वतःच्याच लाटेत. पाण्यावरच्या लाटेची लांबी तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १० किलोमीटरला ती सुमारे ४.९ मीटर, म्हणजे जवळपास १६ फूट भरते. इथवर नाळेखाली एक उंचवटा आणि पिछाडीखाली दुसरा असतो. वेग आणखी वाढला की दुसरा उंचवटा मागे सरकतो, पिछाडी खोलगटात उतरते आणि होडीला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. तो ओलांडला की तळावर आदळणारे पाणीच वजन पेलू लागते आणि होडी प्लेनवर येते. अशा होड्या ताशी २० ते २५ किलोमीटरला प्लेनवर टिकतात. खरा त्रास १२ ते २० च्या मधल्या पट्ट्यात असतो.

पंख्याच्या वर ॲल्युमिनियमची जी आडवी पाट असते ती अँटी-व्हेंटिलेशन प्लेट. पृष्ठभागावरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये म्हणून ती असते. फिन याच पाटेवर बसते आणि तिची रुंदी वाढवते. होडीला पाण्याबाहेर काढणारे खरे हायड्रोफॉइल वेगळे. एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ साली इटलीतल्या माज्जोरे सरोवरात चालवलेल्या बोटीला तसे पंख होते. आपली फिन होडी उचलत नाही, पिछाडीला थोडा टेकू देते.

थोडा म्हणजे किती? फिनचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटीमीटर धरू. पाण्याशी तिचा कोन ६ अंशांचा असेल आणि ती पृष्ठभागाजवळ असेल, तर उचल गुणांक, म्हणजे वाहत्या पाण्याच्या दाबाचा किती भाग उचलीत उतरतो तो आकडा, साधारण ०.३ धरता येतो. ताशी १५ किलोमीटरला उचल येते १३ किलो. फिन ट्रान्समच्या, म्हणजे इंजिन टांगलेल्या फळीच्या, अर्धा मीटर मागे आणि होडीचा गुरुत्वमध्य दीड मीटर पुढे असेल, तर दोन मीटरचा तरफ-हात मिळतो. वजन गुणिले अंतर, म्हणजे नाळ खाली वळवणारा जोर, २६ किलोग्रॅम-मीटर. ६५ किलोचा एक माणूस ४० सेंटीमीटर पुढे सरकला तरी हाच परिणाम होतो! पेट्रोलची २५ लिटरची भरलेली टाकी वीसेक किलोची असते. ती दीड मीटर पुढे नेली तर ३० किलोग्रॅम-मीटर मिळतात, तेही फुकट.

मग फिन कशाला? कारण तिची उचल वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी २० ला तीच फिन सुमारे २४ किलो देते, आणि इथे टाकी मागे पडते. शिवाय नाळ जितकी वर, तितका फिनचा पाण्याशी कोन मोठा आणि उचल जास्त. होडी सपाट झाली की कोन आपोआप घटतो. वजन पुढे ठेवले की ते कायम पुढेच राहते. फिन गरजेपुरती ढकलते, हे तिचे खरे मोल. पाट रुंद झाल्याने वळताना हवाही कमी ओढली जाते.

पण ड्रिल हातात घेण्याआधी बाकीचे तपासा. तळावर शिंपले-कवचे चढली असतील तर कोणतीच फिन पुरी पडणार नाही. छोट्या ओबीएमला ट्रिमसाठी, म्हणजे इंजिनाचा कल बदलण्यासाठी, ब्रॅकेटमध्ये भोके आणि एक पिन असते. पिन ट्रान्समकडच्या भोकात घातली की नाळ खाली येते. मग होडीच्या तळाच्या कण्याला सरळ पट्टी लावून इंजिनाची उंची पाहा. पाट तळाच्या पातळीत किंवा फार तर २५ मिलिमीटर वर हवी. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, माहितीपुस्तिकेतल्या कमाल पट्ट्यापर्यंत पोहोचत नसेल तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितके अंतर कापू पाहतो ते, जास्त आहे. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. आमच्या मते जड होडीला फिनपेक्षा योग्य पिचचा पंखा जास्त उपयोगी पडतो.

इतके करूनही होडी अडकत असेल तर फिन लावा. शक्य असेल तर भोके न पाडता पकडणारी घ्या. पाट गिअरकेसच्या ओतीव भागाचीच असते. ती तडकली तर अख्खे खोळ बदलावे लागते, आणि भोके पाडल्यावर वॉरंटीवरूनही वाद होऊ शकतो. बोल्टची फिन असेल तर आधी ती कोरडीच बसवून मध्यरेषा जुळवा. फिन जराशी तिरकी बसली तरी टिलर, म्हणजे इंजिन वळवायचा दांडा, एका बाजूला ओढतो. भोके काठापासून किमान १५ मिलिमीटर आत घ्या, खालच्या ॲनोडपासून, म्हणजे स्वतः गंजून इंजिन वाचवणाऱ्या धातूच्या तुकड्यापासून, दूर. सहा मिलिमीटरचे ३१६ प्रतीचे स्टेनलेस बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉक नट वापरा. भोकाच्या उघड्या कडेला प्रायमर आणि बोल्टला मरीन ग्रीस लावायला विसरू नका. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस आणि उघडे ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम गंजते, रंगाखाली पांढरी भुकटी धरते.

वेगात मात्र हाच गुण उलटतो. ताशी ४० ला, कोन तोच राहिला तर, उचल ९४ किलोपर्यंत जाते. पिछाडी इतकी उचलली की नाळ पाणी कापू लागते आणि होडी नाळेवर फिरते, जरा वळवली तरी हिसका बसतो. म्हणून वेगात जायचे असेल तर इंजिन बंद असतानाच पिन एक भोक बाहेर घ्या, किंवा इंजिन थोडे वर बसवा, म्हणजे वेगात फिन पृष्ठभागावर येऊन सुटी होईल. इंजिन वर घेतल्यावर थंडाव्याच्या पाण्याची धार अखंड आहे ना, हे पाहायला हवे.

सर्वांत वाईट जागा म्हणजे खाडीचे तोंड, आणि तेही मागून लाटा येत असताना. लाट पिछाडी उचलते, फिन त्यात भर घालते, नाळ पुढच्या लाटेत घुसते आणि होडी आडवी फिरते. इथे पिन आधीपासूनच बाहेर, माणसे मागे आणि वेग लाटेपेक्षा किंचित कमी. किनाऱ्याला लागताना इंजिन लवकर उचला. पसरट फिन वाळूत रुतते आणि जाळ्याचा दोरही तिच्यात पटकन अडकतो.

फायदा झाला की नाही, हे मोबाइलच्या जीपीएसवर मोजा. तेवढीच माणसे आणि तेवढेच पेट्रोल घेऊन, फिनशिवाय आणि फिनसह, प्लेनवर यायला किती सेकंद लागतात, हळूहळू थ्रॉटल कमी केल्यावर कोणत्या वेगाला होडी प्लेनवरून उतरते, आणि कमाल वेग व आरपीएम किती, हे लिहून ठेवा. प्रत्येक फेरी दोन्ही दिशांना घ्या, नाहीतर भरती-ओहोटीचा ओघ आकडे बिघडवतो. पहिल्या चाचणीत किल-स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला हवीच. उतरण्याचा वेग कमी झाला पण कमाल वेग आणि आरपीएम दोन्ही घसरले, तर फिन वेगातही पाण्यातच ओढली जाते आहे. इंजिनाखाली लाकडाची पट्टी देऊन ते एका वेळी १० ते १२ मिलिमीटर वर घ्या आणि पुन्हा मोजा.