भिंतीला तडा गेला, म्हणजे जमीन खचली?

"शेजाऱ्याने बोअर मारली, पाणी उपसलं, म्हणून आमच्या घराला तडे गेले." नागपुरात हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. यावरून शेजाऱ्यांमध्ये अबोला धरलेला मी पाहिलाय, म्हणून हा खुलासा.

पाणी उपसल्याने जमीन खचते, हे खरंच आहे. अमेरिकी भूशास्त्रज्ञ जोसेफ पोलंड यांनी कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात याच प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. 1977 च्या एका प्रसिद्ध फोटोत ते विजेच्या खांबापाशी उभे आहेत. 1925 साली जमीन कुठे होती, त्याची पाटी खांबावर पार उंच लावलेली आहे. फरक सुमारे 9 मीटर! तिथे जमिनीखाली चिकणमातीचे जाड थर आहेत. कणांमधल्या पाण्याचा दाब उतरला की वरच्या भाराने ते थर दबतात. पुढे पाणी परत आलं तरी बहुतांश दबलेलेच राहतात.

नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट आहे, पूर्वेला बराचसा नाइस नावाचा खडक. या कठीण खडकांत पाणी भेगांमध्ये असतं. ते उपसलं तरी खडक तसा दबत नाही. भिंत फाटते ती बहुतेकदा वरच्या काळ्या मातीमुळे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात आकसते. उथळ पाया हे दरवर्षी सोसतो.

बोअरने विहिरी आटतात, तो प्रश्न गंभीर आहेच. पण तड्यासाठी आधी पाया तपासून घ्या.