धुराची किंमत कोणी ठरवायची?

लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर एका मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरात दोन मोठे खल होते आणि ते वीसहून अधिक वर्षे बिनबोभाट चालू होते. पाठीमागे राहणाऱ्या डॉक्टरने आपल्या बागेच्या टोकाला, नेमके त्याच भिंतीला लागून, रुग्ण तपासण्याची खोली बांधली आणि बत्त्याच्या आवाजात छाती तपासणे अशक्य होते म्हणून थेट न्यायालय गाठले. १८७९ मध्ये निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. कार्बन कराविषयी, म्हणजे इंधन जाळल्याने हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरील कराविषयी, लिबर्टेरियन, म्हणजे सरकारी हस्तक्षेप कमीत कमी असावा असे मानणाऱ्या, अर्थतज्ज्ञांमध्ये जो वाद चालतो, त्याचे मूळ या भिंतीपाशी सापडते.

करणारा एक आणि भरणारा दुसरा, अशा नुकसानीवर अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये सुचवलेला उपाय सोपा होता : जितके नुकसान, तितका कर. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये वरचाच खटला हाती घेऊन त्याला हरकत घेतली. वाटाघाटीला खर्च येत नसेल, तर निकाल कोणाच्याही बाजूने लागो, ज्याला ती शांतता किंवा तो खल अधिक मोलाचा वाटतो तो दुसऱ्याला पैसे देऊन तडजोड करील. कराची गरजच उरणार नाही. अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांच्या आठवणीनुसार, शिकागोतील एका घरी झालेल्या चर्चेच्या आरंभी कोस यांच्या विरोधात वीस मते होती आणि शेवटी सर्व एकवीस त्यांच्या बाजूला होती.

मेख त्या ‘खर्च येत नसेल तर’मध्ये आहे, आणि कोस यांना ती पुरेपूर ठाऊक होती. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत भिंतीच्या एका बाजूला पेट्रोल जाळणारे कोट्यवधी लोक आहेत आणि दुसऱ्या बाजूला बरेचसे अजून जन्मलेलेही नाहीत. प्रदूषण म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेवरील अतिक्रमण, तेव्हा पीडिताने दावा लावावा, ही लिबर्टेरियन अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड यांची मांडणी शेजारच्या कारखान्याच्या काजळीला लागू पडते. पण पुरात गेलेले शेत नेमक्या कोणत्या धुरांड्यामुळे गेले, हे कोणत्या न्यायालयात सिद्ध करायचे?

म्हणून लिबर्टेरियनांपैकी काही जण कराकडे वळतात. कोणी कुठे बचत करावी हे सरकारने सांगण्यापेक्षा किंमत वाढू द्यावी, मग ज्याला ज्यात सोपे जाईल तिथे तो काटकसर करील, हा विचार अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेक यांच्या १९४५ च्या मांडणीशी जुळणारा आहे. किंमत ही विखुरलेल्या ज्ञानाची वाहक असते, असे त्यांचे म्हणणे होते. कराचे विरोधक मात्र त्याच हायेकना पुढे करून विचारतात की, बाजारात न ठरलेली किंमत सरकारला कळली कशी?

हा प्रश्न पोकळ नाही. शंभर वर्षांनी होणाऱ्या १०० डॉलरच्या नुकसानीचे आजचे मोल, भविष्यातील रक्कम दरवर्षी ३ टक्के दराने कमी धरत मागे आणली तर, सुमारे ५ डॉलर भरते, तर ७ टक्के दराने जेमतेम १२ सेंट. अमेरिकेत एका टन कार्बन डायऑक्साइडमुळे होणाऱ्या नुकसानीचा सरकारी अंदाज ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत १ ते ७ डॉलरच्या आसपास होता. २०२३ मध्ये तेथील पर्यावरण संस्थेने तो सुमारे १९० डॉलर मांडला. नुकसान देशापुरते मोजायचे की जगाचे, आणि कोणत्या दराने, यावर हा फरक बराचसा अवलंबून होता. तरीही विरोधकांचा निष्कर्ष मला पटत नाही, कारण कर न लावणे म्हणजे धुराची किंमत शून्य ठरवणे, आणि ते शून्यही बाजाराने शोधलेले नाही.

त्यांची दुसरी शंका अधिक वजनदार आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १ जुलै २००८ पासून टनाला १० कॅनेडियन डॉलर कर लावला, २०१२ पर्यंत तो ३० वर नेला आणि जमलेला पैसा इतर करांतील कपातीने परत केला. बोजा वाढवायचा नाही, फक्त हलवायचा, हा सौदा लिबर्टेरियनांनाही मानवण्याजोगा होता. दहाएक वर्षांनी प्रांताने पैसा असा परत करण्याची ती अटच सोडून दिली. राजकारण्यांच्या हाती महसूल दिला की तो तिथेच मुरतो, ही भीती अगदीच निराधार नव्हती.

यावर उतारा म्हणून जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञांच्या एका निवेदनात करातील सारी रक्कम नागरिकांना समान वाटून देण्याची मागणी झाली. तरुणपणी मुक्त भांडवलशाहीच्या पुरस्कर्त्या लेखिका आयन रँड यांच्या वर्तुळात वावरलेले, अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅनही स्वाक्षरी करणाऱ्यांत होते. कॅनडाच्या केंद्र सरकारने त्याच वर्षी अनेक प्रांतांत असा परतावा सुरू केला आणि करातील बहुतेक रक्कम घरोघर परत जाऊ लागली. तरीही १ एप्रिल २०२५ रोजी ग्राहकांवरील तो कर शून्यावर आला आणि ब्रिटिश कोलंबियानेही आपला कर त्याच दिवशी मागे घेतला. पंपावरचा भाव लोकांना रोज दिसत होता; परतावा तीन महिन्यांतून एकदा, खात्यात निमूटपणे जमा होत होता.