बोका कुंथतोय? बद्धकोष्ठ समजून थांबू नका

गेल्या मे महिन्यात आमचा बोका दुपारभर मोरीच्या कोपऱ्यात जाऊन बसत होता. पाठ वाकवून कुंथायचा, उठायचा, दोन पावलं टाकून पुन्हा बसायचा. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. संध्याकाळी फरशीवर फिकट गुलाबी थेंब दिसला, तेव्हा उमगलं की अडलीय ती लघवी. दवाखाना वेळेत गाठला म्हणून तो वाचला.

मांजरीच्या मानाने बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फारच अरुंद असतो. वाळूएवढे खडे किंवा खडे आणि शेंबडासारखा स्राव मिळून झालेलं बूच तिथे अडकतं. लघवी पूर्ण तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक ते तीन दिवसांत जीव जातो. वारंवार बसणं, ओरडणं, लिंग सतत चाटणं, पोटाशी हात लावू न देणं ही लक्षणं दिसली तर रात्रसुद्धा जाऊ देऊ नका. डॉक्टर भूल देऊन बारीक नळीने वाट मोकळी करतात. घरी पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराला ते विष आहे. माणसांच्या मुतखड्याचं औषधही नको, कारण त्यातली काही लघवी अल्कधर्मी करतात आणि मांजरांतला एक नेहमीचा खडा नेमका तशाच लघवीत वाढतो.

तो खडा स्ट्रुवाइटचा, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा. कुत्र्यांत तो बहुधा जंतुसंसर्गाने होतो, मांजरांत मात्र बहुतेक वेळा संसर्गाशिवायच. त्याची चांगली बाजू अशी की तो विरघळतो. लघवी किंचित आम्लधर्मी ठेवणारं, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस कमी असलेलं खास खाद्य दिलं की बहुतेकदा दोन ते पाच आठवड्यांत खडा नाहीसा होतो. अट एकच, मधे दुसरं काही खायला द्यायचं नाही. शेजारच्या घरी मिळणारी दूध-पोळीसुद्धा नाही.

दुसरा खडा कॅल्शियम ऑक्सलेटचा. हा कशानेही विरघळत नाही. मोठा असेल तर मूत्राशय उघडून काढावा लागतो. दोन्ही खडे एक्स-रेमध्ये दिसतात, पण कोणता ते नुसत्या चित्रावरून पक्कं सांगता येत नाही. म्हणून काढलेला खडा टाकून न देता तपासणीला पाठवायला सांगा. लघवीतले स्फटिकही सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. ऑक्सलेटचे काही स्फटिक मागून पाहिलेल्या टपालाच्या पाकिटासारखे, मधे फुली असलेले दिसतात. मात्र लघवी ताजी हवी, फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्यात स्फटिक नव्याने तयार होतात. आणि हेही खरं की असा त्रास होणाऱ्या अनेक तरुण मांजरांत खडा सापडतच नाही. तिथे ताणामुळे मूत्राशयाला सूज आलेली असते.

खड्याचं मूळ बरंचसं पाण्यात आहे. पाळीव मांजर हे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातल्या रानमांजराचं वंशज. पाणी त्याला मिळायचं ते शिकारीतून, उंदराच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. त्यामुळे मांजराला तहान कमी लागते आणि त्याची मूत्रपिंडं माणसाच्या दुपटीहून दाट लघवी बनवू शकतात. आता त्याच प्राण्याला जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत जेमतेम १० टक्के पाणी असलेले कोरडे दाणे घाला. लघवी आणखी दाटते, क्षार खाली बसतात. दूध-पोळी, दूध-भाकरी हाही उपाय नव्हे. धान्याच्या आहाराने लघवी अल्कधर्मी होते, शिवाय मांजराला मांसच लागतं.

म्हणून ओलं खाद्य द्या, त्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. उकडलेल्या चिकनचं पाणी दाण्यांवर ओतलं तरी चालतं, पण त्यात मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आपला मसाल्याचा रस्सा तर दूरच ठेवा. मांजर शी-लघवीला जातं ती माती भरलेली पेटी रोज साफ करा, घाण पेटीत जायला नको म्हणून मांजर लघवी धरून ठेवतं.

आमच्या बोक्याचा खडा स्ट्रुवाइटचा निघाला. महिन्याभराने सोनोग्राफीत मूत्राशय स्वच्छ दिसलं. आता घरात तीन ठिकाणी मातीची पसरट परळं भरून ठेवते, खाण्यापासून आणि पेटीपासून लांब. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी बदलते. रोज पेटीतल्या ओल्या मातीचा गोळा बघते, लिंबाएवढा आहे की सुपारीएवढा.