नॉइज कॅन्सलिंग हेडफोन : मुंबईतला वापर आणि निवड

बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून, त्याच्या नेमकी उलटी ध्वनिलहर कानाजवळच्या स्पीकरमधून सोडून तो आवाज कमी करणारे, ब्लूटूथवर चालणारे हेडफोन. बोलीत आणि दुकानांत यांना ‘एएनसी हेडफोन’ (ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन) किंवा नुसते ‘नॉइज कॅन्सलेशनवाले’ म्हणतात. कान पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन आणि कानात बसणारे छोटे इअरबड्स असे त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. मुंबईत लोकल, मेट्रो आणि बसने ये-जा करणारे प्रवासी आणि घरून काम करणारे नोकरदार ते सर्रास वापरतात.

मुंबईचा गोंगाट एकजिनसी नाही आणि या हेडफोनचे मोल ठरवताना हीच गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यायला हवी. एक आवाज सलग घरघरीचा असतो : लोकलच्या मोटरचा, डब्यातल्या पंख्यांचा, सिग्नलला थांबलेल्या डिझेल बसचा, एसीचा, विमानाच्या इंजिनाचा. दुसरा तुटक आणि टोकदार : हॉर्न, फेरीवाल्याची आरोळी, कुकरची शिट्टी, शेजारच्या सीटवरचे भांडण. एएनसी पहिल्यावर मात करते, दुसऱ्यापुढे बरीच लंगडी पडते. खरेदीनंतर होणारी बहुतेक निराशा दुसऱ्या प्रकारचे काम पहिल्यासाठी बनवलेल्या यंत्राकडून मागितल्याने होते.

कार्यपद्धती

ध्वनी म्हणजे हवेतल्या दाबाचे चढउतार. जिथे बाहेरच्या लहरीचा दाब वाढतो तिथेच आपण तेवढाच दाब कमी करणारी लहर सोडली, तर दोन्ही मिळून उरलेला आवाज क्षीण होतो. त्यासाठी हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला एक मायक्रोफोन असतो. तो आवाज कानापर्यंत पोहोचण्याआधीच टिपतो. आतल्या बाजूचा दुसरा मायक्रोफोन कानाशी प्रत्यक्षात काय उरले ते तपासून दुरुस्ती सुचवतो. चांगल्या हेडफोनमध्ये दोन्ही पद्धती एकत्र वापरतात. स्वस्तातल्या इअरबड्समध्ये अनेकदा एकच असते.

सगळा खेळ वेळेचा आहे. १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) घरघरीची ध्वनिलहर सुमारे ३.४ मीटर लांब असते, त्यामुळे उलटी लहर किंचित मागेपुढे झाली तरी चालते. ३,००० हर्ट्झच्या आवाजाची लहर जेमतेम ११ सेंटीमीटरची. तिथे क्षणाचा फार छोटा अंश चुकला तरी जुळणी बिघडते. म्हणून साधारण १,००० हर्ट्झच्या वर एएनसीचा जोर ओसरतो आणि पुढचे काम कानावरच्या गादीला किंवा कानातल्या सिलिकॉनच्या टोपीला करावे लागते. माणसाच्या बोलण्यातली व्यंजने याच वरच्या भागात असतात. त्यामुळे शेजाऱ्याचा आवाज बारीक होतो, पण तो काय बोलतोय ते बऱ्याचदा कळत राहते.

याचा सुंदर पडताळा लोकलमधल्या भजनी मंडळाच्या डब्यात मिळतो. गाडी वेगात असताना एएनसी सुरू केली की रुळांवरची धडधड आणि मोटरचा हुंकार एकदम मागे सरतो. मृदंगाचा खर्जातला घुमारा थोडा बोथट होतो. टाळ मात्र जवळजवळ जशाच्या तसे खणखणत राहतात, उलट खालचा गोंगाट गेल्यामुळे ते आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येतात. अभंगाचे शब्दही कळतात. एएनसीची हद्द कुठवर आहे हे कुठल्याही आलेखापेक्षा या डब्यात लवकर समजते.

इतिहास

आवाजाने आवाज मारण्याची कल्पना जर्मन संशोधक पॉल ल्यूग यांनी मांडली. त्यांना अमेरिकेत १९३६ मध्ये तिचे पेटंट मिळाले, पण त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला ती पेलणारी नव्हती. १९५० च्या दशकात विमान आणि हेलिकॉप्टरच्या कॉकपिटसाठी प्रयत्न झाले. आजच्या हेडफोनची वाट खऱ्या अर्थाने अमर बोस यांच्यापासून सुरू होते. कोलकात्याहून अमेरिकेत गेलेल्या बंगाली क्रांतिकारकाचे हे चिरंजीव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (एमआयटी) प्राध्यापक होते. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या आवाजापायी धड काही ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच गणिते मांडायला घेतली. पुढे १९८६ मध्ये न थांबता, इंधन न भरता जगाला फेरी मारणाऱ्या व्हॉयेजर विमानाच्या वैमानिकांनी बोस यांच्या कंपनीचे नमुना हेडसेट वापरले. १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचे हेडसेट बाजारात आले आणि २००० मध्ये सर्वसामान्य प्रवाशांसाठीची ‘क्वाएटकम्फर्ट’ मालिका सुरू झाली.

वायरलेस पर्व २०१६ चे. बोसचा क्यूसी३५ आणि सोनीचा एमडीआर-१०००एक्स त्याच वर्षी आले. २०१९ च्या अखेरीस ॲपलने एअरपॉड्स प्रो आणले आणि एएनसी कानातल्या छोट्या बड्समध्येही रुळली. त्यानंतर भारतीय बाजारात दोन-तीन हजारांच्या इअरबड्सच्या खोक्यावरही ‘एएनसी’ छापून येऊ लागले.

मुंबईत वापरताना

विमान प्रवासासाठी जन्मलेले हे तंत्र मुंबईत लोकलमध्ये जास्त वापरले जाते, आणि लोकल हा विमानापेक्षा अवघड पेपर आहे. दारे बंद असलेल्या एसी लोकलमध्ये (पहिली २५ डिसेंबर २०१७ ला धावली) किंवा मेट्रोच्या बंद डब्यात बराचसा आवाज खालच्या पट्टीतला असतो, तिथे एएनसीचा फायदा लगेच जाणवतो. साध्या लोकलच्या दारात वारा थेट मायक्रोफोनवर आपटतो आणि हेडफोन त्या फडफडीलाच आवाज समजून कानात घुरघुर निर्माण करतो. काही कंपन्या वाऱ्यासाठी वेगळी सेटिंग देतात. ती नसेल तर दारात उभे असताना एएनसी बंद ठेवलेली बरी. आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रो ३ वर वाऱ्याचा प्रश्न नाही. पावसाळ्यात पत्र्यावर कोसळणाऱ्या सरींचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, त्यातला फक्त तळाचा भाग कमी होतो.

गर्दीच्या वेळी आणखी एक अडचण येते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि त्याच पट्ट्यात डब्यातल्या इतर सगळ्यांचेही हेडफोन बोलत असतात. शिवाय माणसाचे शरीर या लहरी चांगल्याच शोषून घेते. सोनीचे एलडॅक कोडेक (ब्लूटूथवरून गाणे आटोपशीर करून पाठवण्याची पद्धत) सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवू शकते, पण दादरला डबा ठासून भरला की या दरात गाणे तुटू लागते. ३३० वर उतरवले किंवा एएसी या दुसऱ्या कोडेकवर आणले की सुरळीत चालते. आयफोनमध्ये एलडॅक मुळातच नाही, त्यामुळे आयफोनवाल्याने केवळ एलडॅकपायी जास्त पैसे मोजू नयेत.

सुरक्षिततेबाबत संकोच न ठेवता सांगितले पाहिजे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरच्या मृत्यूंत रूळ ओलांडताना होणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. रेल्वे कायदा, १९८९ नुसार रुळांत शिरणे हा गुन्हा आहेच, पण कानात एएनसी चालू असताना ते जिवावर बेतू शकते, कारण येणाऱ्या गाडीची धडधड नेमकी त्याच पट्टीत असते जी हेडफोन पुसून टाकतो. फलाटाच्या कडेला, रस्ता ओलांडताना आणि दुचाकीवर हेडफोन काढावेत. बाकी वेळी बाहेरचा आवाज मुद्दाम आत घेणारा ‘ट्रान्सपरन्सी’ किंवा ‘ॲम्बियंट’ मोड उपयोगी पडतो. पुढील स्टेशनची किंवा जलद गाडी धीम्या मार्गावर वळवल्याची घोषणा त्यात ऐकू येते.

कानाचे आरोग्य

या हेडफोनचा खरा लाभ गाण्याच्या गोडीपेक्षा कानाच्या आयुष्यात आहे. गोंगाटात साधे हेडफोन लावणारा माणूस गोंगाटाच्या वर आवाज चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. कामाच्या जागेसाठी रूढ असलेली ८ तासांची मर्यादा ८५ डेसिबलची आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन. मागची घरघर गेली की तेच गाणे कमी आवाजात पुरते. तरीही सवयीने आवाज तितकाच ठेवला, तर एएनसीवर घातलेले पैसे कानाच्या दृष्टीने वाया गेले.

शहराच्या बाजूने पाहिले तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जानेवारी २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी एक प्रयोग लोकांसमोर ठेवला होता : सिग्नलवर हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. ज्याला परवडेल त्याने आपल्यापुरती शांतता विकत घ्यावी आणि रस्ता तसाच राहावा, ही व्यवस्था काही योग्य म्हणता येणार नाही.

मिरवणुकीतल्या ढोल-ताशाजवळ किंवा डीजेच्या भिंतीपाशी हे हेडफोन कान वाचवतील असे मानू नये. ताशाचा कडकडाट उंच आणि क्षणिक असतो, तो एएनसीच्या हाती लागत नाही. तिथे प्रमाणित इअरप्लग किंवा कारखान्यात वापरतात तसे इअरमफ लागतात.

तुलना कशी करावी

खोक्यावर ‘३२ डीबी’, ‘४५ डीबी’ असे आवाजातल्या घटीचे डेसिबलमधले आकडे असतात. हा बहुधा एखाद्या सोयीच्या वारंवारतेवर मिळालेला सर्वाधिक आकडा असतो. साऱ्या पट्ट्यांत तेवढी घट होत नाही. म्हणून आकड्याला आकडा लावून तुलना करण्यात अर्थ नाही. ‘ईएनसी’ या शब्दापासूनही सावध राहावे. ती सोय आपला मायक्रोफोन स्वच्छ करते, म्हणजे फोनवर पलीकडच्याला आपल्या घरातला मिक्सर कमी ऐकू येतो. आपल्या कानाला तिचा काही उपयोग नाही. घरून कॉल करणाऱ्याला ईएनसीची गरज जास्त असू शकते, लोकलने जाणाऱ्याला एएनसीची.

मोठ्या दुकानाच्या थंडगार दालनात सगळेच हेडफोन छान वाटतात. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात दुकानदाराला विचारून दाराशी, रहदारीच्या तोंडावर उभे राहून पाहावे. आधी गाणे न लावता नुसती एएनसी चालू-बंद करावी आणि थांबलेल्या बसची घरघर किती विरते ते ऐकावे. काहीच फरक पडला नाही, तर खोक्यावर काहीही छापलेले असो, आत ती सोय नाही. फुटपाथवरच्या नकली मालात असे हमखास आढळते. त्यानंतर एकच ओळखीचे गाणे दोन्ही हेडफोनवर सारख्या आवाजात लावावे. ही अट मोडली की सगळी तुलना फसते, कारण किंचित मोठा वाजणारा हेडफोन कानाला नेहमीच जास्त चांगला भासतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते घट्ट बसण्याकडे. चष्मा घालणाऱ्याने चष्म्यासकटच हेडफोन लावावा आणि काडीच्या मागे, कानाच्या वरच्या कडेपाशी बोट फिरवून पाहावे. तिथे गादी आणि कातडी यांच्यात फट राहते आणि त्या फटीतून नेमका खालच्या पट्टीचा आवाज आत शिरतो. जाड काडीचा चष्मा असेल तर महागड्या हेडफोनपेक्षा नीट बसणारे मध्यम किमतीचे इअरबड्स सरस ठरू शकतात. बड्समध्ये हेच काम टोपीचा आकार करतो. तीन जोड मिळतात, पण बहुतेक जण आधीच लावलेला मधला कधी बदलतच नाहीत.

वजन आणि घडी या गोष्टी मुंबईकराला जास्त जाणवतात. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅम, बोसचा क्यूसी४५ सुमारे २४०, तर एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास आहे. विरारहून चर्चगेटपर्यंत डोक्यावर ठेवायचा असेल, तर हा फरक मानेला कळतो. सोनीच्याच मालिकेतला आधीचा एक्सएम४ घडी करून पिशवीत मावे. एक्सएम५ मध्ये कंपनीने ती घडी काढून टाकली आणि एक्सएम६ मध्ये परत आणली. खचाखच भरलेल्या डब्यात बॅग पोटाशी धरून उभे राहणाऱ्यासाठी हा मुद्दा बॅटरीच्या चार जादा तासांपेक्षा मोठा आहे.

निगा

मुंबईची दमट हवा हेडफोनची शत्रू आहे. कानावरच्या गाद्या बहुधा कृत्रिम चामड्याच्या असतात. घाम आणि आर्द्रतेने तिचे पापुद्रे सुटतात, काळी भुकटी कानाला लागते, आणि गादी फाटली की एएनसीही उतरते. वापरानंतर कोरड्या कापडाने पुसावे, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावे, ओल्या कानात बड्स घालू नयेत, नाहीतर कानात बुरशी होण्याचा धोका वाढतो. अनेक मोठ्या हेडफोनना पाण्यापासून संरक्षणाचा कोणताही दर्जा नसतो, त्यामुळे जूनपासून ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यावेत. घेण्याआधी त्या मॉडेलच्या सुट्या गाद्या मिळतात का आणि बॅटरी बदलून मिळते का, हे विचारून घ्यावे. मुंबईत गाद्या यंत्राच्या आधी संपतात.